पट्टीची मागची बाजू

प्रिय आई,

हे पत्र मी इतक्यात पेटीत टाकणार नाही. समारंभाआधी नाव फुटलं, तर मालक मला दुकानातून हाकलतील. पण पोटात मावतच नाहीये गं! आज मानचिन्हावर बसवायची पितळी पट्टी माझ्यापुढे आली, आणि कोरायचं नाव तुझं! मी पहिलंच अक्षर तीनदा आखून पुसलं, तेव्हा मालक म्हणाले, "काय गं, आज पहिल्यांदा कोरतेयस का?"

ज्या सभागृहात आपल्या लोकांना मागच्या दारानं जावं लागायचं, ज्याच्या पुढच्या पायऱ्यांवर तुम्ही बायका ठाण मांडून बसलात आणि पोलिसांनी तुला केस धरून ओढलं, तिथेच रविवारी तुझा सत्कार! तुला वाटतंय, नुसतं पाहुणी म्हणून बोलावलंय. ऐटीत ये, पुढच्या दारानं.

पण मी तुला ओळखून आहे. घरी पोचल्या पोचल्या तू स्क्रूड्रायव्हर शोधणार. आजवर मिळालेल्या प्रत्येक मानचिन्हावरची पट्टी तू काढून टाकलीस. "माझ्या एकटीचं नाव कशाला? मी काय एकटी बसले होते?" आणि त्या चांदीच्या चषकात तर तू चक्क पळ्या ठेवतेस!

म्हणून या वेळी मालकांचा डोळा चुकवून मी पट्टी मागच्या बाजूनंही कोरलीये: 'पायऱ्यांवर बसलेल्या आम्ही सगळ्याजणी'.

काढ खुशाल. फक्त उलटी करून परत लाव.

रविवारपर्यंत तोंड शिवून बसलेली,
तुझी बडबडी