खोटं बोलणारे अणू

स्वेनबोर, ५ फेब्रुवारी १९९३

ती. थोरकिलदादास, सा. न. वि. वि.

एक मागणं आहे. तुझ्या पबातले सगळे फासे आणि चामड्याचे पेले थोडे दिवस दे. येत्या गुरुवारी आमचे मुख्याध्यापक एस्बेन माझ्या पदार्थविज्ञानाच्या वर्गात बसणार आहेत. विणकाम आणि गाणं शिकायला आलेल्या पोरांना अणू कशाला, असं त्यांचं म्हणणं. पटलं नाही तर वर्ग बंद आणि खोलीत माग.

समीकरण काढलं की पोरं खिडकीबाहेर बघतात, म्हणून हातानेच करायला देणार आहे. फासा म्हणजे अणू. सहा पडला की तो फुटला, बाजूला ठेवायचा. कोणता जाईल ते कुणालाच कळत नाही, पण ढिगातले साधारण किती जातील ते सांगता येतं.

वहिनीला नमस्कार.

तुझी,
बोदिल


रिबे, ८ फेब्रुवारी

चि. बोदिल हिस अनेक आशीर्वाद.

फासे, पेले पाठवलेत. गिऱ्हाइकं रुसलीत, मायर खेळल्याशिवाय त्यांच्या घशाखाली बिअर उतरत नाही. फासे पेल्याखाली झाकायचे, चोरून बघायचे आणि सरळ तोंडाने थापा मारायच्या, एवढंच तर सुख आहे त्यांना! वर्ग गेलाच तर जिवाला लावून घेऊ नकोस, इथे ग्लास धुवायला माणूस हवाच आहे. काळजी वाटते म्हणून थट्टा करतोय, झालं.

तुझी वहिनी आठवण काढते.

तुझा,
थोरकिल


स्वेनबोर, १२ फेब्रुवारी

ती. दादास, सा. न. वि. वि.

पेले मागवले हीच चूक झाली. तो पेला हातात आला की आपला डॅनिश माणूस थाप मारल्याशिवाय राहतो का? पोरांनी सवयीने फासे झाकले आणि गंभीर चेहऱ्याने मनाला येतील ते आकडे सांगितले. फळ्यावर उरलेल्या फाशांची उतरती रेघ यायची, तर कुणाची आडवी, कुणाची चक्क वर चढणारी. फुटलेले अणू पुन्हा जिवंत! एस्बेन खिडकीपाशी दोघांबरोबर खेळत होते.

तेवढ्यात गुनवोर उठली. विणकामवाली, गणित म्हटलं की हिचं पोट दुखतं. म्हणाली, एखादा फासा वाचेल, पण एवढे फासे फेकून दर वेळी एकही सहा नाही? खिडकीपाशी शुद्ध लबाडी चाललीय, पेला उचला. एस्बेननी उचलला. खाली सहांची रांग! माणूस कानापर्यंत लाल, आणि वर्ग हसून लोळला.

हसू ओसरल्यावर तिने हळूच विचारलं, मग खऱ्या अणूला फुटायची वेळ कोण सांगतं? मी म्हटलं, कुणीच नाही. एकही पोर खिडकीबाहेर बघत नव्हतं. दादा, मला आनंदाने रडू आलं.

फासे इतक्यात परत मिळायचे नाहीत. एस्बेन आज सकाळी भेटले. माग जिन्याखाली मावेल म्हणाले, आणि गुनवोरच्या प्रश्नाने रात्रभर झोप नाही, तेव्हा पुढच्या गुरुवारी त्यांच्यासाठी खुर्ची राखून ठेवायला सांगितलंय.

लोभ असू दे, गिऱ्हाइकांचा राग सोसते.

तुझी,
बोदिल