अक्काचा हात लागलेली फियाट

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सांगोला,
दि. ३ ऑगस्ट २०२५

चि. श्रीशैल यास दानेश्वरीअक्काचे अ. उ. आ., आणि सोबत थोडी अक्कलही.

वि. वि. आम्ही सगळे इथे बरे आहोत. तू बरा आहेस की नाही याची शंका आली, म्हणून हे पत्र. सुनेने काल मोबाइलवर तुझा फोटो दाखवला. अप्पांची फियाट गोदामातून बाहेर काढून गॅरेजच्या पाटीखाली उभी केलेली, बॉनेटवर तुझा एक हात, दुसरा कमरेवर आणि डोळ्यांवर काळा चष्मा. मी विचारलं, हा सिनेमातला फौजदार कोण? सून म्हणाली, श्रीशैलमामा आहेत की.

खाली तू लिहिलंयस म्हणे, 'वारसा जपताना'. बेचाळीस वर्षं त्या वारशाच्या सीटमध्ये उंदरांनी पिढ्या वाढवल्या आणि टपावर सुताच्या गाठी रचल्या गेल्या, तेव्हा जपणारा कुठे होता? दर खंडेनवमीला बॉनेटवर विभूतीचे तीन पट्टे ओढायचे, चाकाखाली लिंबू ठेवायचं आणि चाक फिरतच नाही म्हणून तेच लिंबू पुढच्या खंडेनवमीपर्यंत वाळवायचं, एवढीच तुझी जपणूक.

तुझ्या हातांची कीर्ती मला माहीत आहे. स्कूटरची हवा गेली तरी तू शाळेच्या शिपायाला हाक मारायचास. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालास म्हणून इंजिन तुला बघून 'हजर' म्हणेल असं समजू नकोस. मी तीस वर्षं डाळिंबाच्या बागेत ट्रॅक्टर चालवते. त्याच्या फटफटीने माझे कान गेले, म्हणून तर फोन सोडून तुला पत्रं लिहायची शिक्षा मला मिळाली आहे.

दसऱ्याला सगळं घर गाडीत भरून अक्कलकोटला नेणार आहेस असं कळलं. खुशाल ने. मला बोलावू नकोस. त्या गाडीला माझा हात लागला म्हणून ती बंद पडली, हे मी घरातल्या प्रत्येक लग्नात नि बारशात ऐकलं आहे. परवा माझ्याच नातवाच्या बारशात तुझ्या बायकोने ते पुन्हा ऐकवलं आणि पाटावर बसलेल्या सगळ्या बाया हसल्या. पुन्हा हात लागायला नको.

लोभ असू दे, फक्त तो गोदामात ठेवू नकोस.

तुझी,
अक्का


भवानी पेठ, सोलापूर,
दि. १२ ऑगस्ट २०२५

ती. अक्कास श्रीशैलचा शि. सा. न.

वि. वि. तुझं पत्र घरात मोठ्याने वाचलं. सगळे पोट धरून हसले. काळा चष्मा मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी दिलेला आहे, एवढं नमूद करतो.

गाडी जुन्या गिरणीमागच्या गॅरेजात आहे. मिस्त्री म्हणून धम्मप्रिया नावाच्या बाई आहेत. गॅरेज त्यांच्या वडिलांचं, यशपालरावांचं, पण गेली दहा वर्षं त्याच चालवतात. ऑटोमोबाइलचा डिप्लोमा केलेला आहे. मी आधी जरा बिचकलो आणि वडिलांना बोलवा म्हणालो. त्यांनी मला सावलीत खुर्ची दिली. रोज गेल्यावर पाहतो तर खुर्ची आदल्या दिवशीपेक्षा थोडी लांब ठेवलेली असते. मीही सूचना तिथूनच देतो.

ब्रेक, टायर, वायरिंग सगळं नवीन झालं. सीटला सोलापुरी चादरीचं कापड शिवून घेतो आहे, आणि रंग अप्पांच्या वेळचाच, फिका हिरवा. तू यायलाच हवं. मागे खिडकीजवळ बस, स्टेअरिंगपासून लांब, म्हणजे गाडी सुखरूप पोचेल. गमतीने लिहितो, रागावू नकोस.

एक नवलाची गोष्ट. अप्पा सगळ्यांना सांगायचे की इंजिन जळालं. धम्मप्रियाबाई म्हणतात, तसं काहीच झालेलं नाही. त्यांनी आठवडाभर आत तेल मुरवलं, हाताने फिरवलं, बाटलीने पेट्रोल दिलं आणि इंजिन सुरू झालं. आवाज अगदी तसाच. मला अप्पांची आठवण आली.

थोरलेपणाची माया कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
श्रीशैल


सांगोला,
दि. २१ ऑगस्ट २०२५

चि. श्रीशैल यास अ. उ. आ.

वि. वि. इंजिन सुरू झालं हे तू नवल म्हणून लिहितोस. मी ते जेवताना वाचलं आणि ताट बाजूला सारलं.

तुला अप्पांची आठवण आली. मला काय आठवलं ते सांगते. मी वीस वर्षांची होते, तू अठराचा. ड्रायव्हर रेवणप्पाने मला सहा महिने गाडी शिकवली होती. अप्पांनी चारचौघांत शब्द दिला होता की दसऱ्याला घरच्यांना अक्कलकोटला नेऊन परत आण, मग पुढच्या जूनला तुला पुण्याला पाठवतो, गाड्यांचा डिप्लोमा करायला. तिथल्या कॉलेजचं माहितीपत्रक मी उशाखाली घेऊन झोपत होते.

वळसंगच्या अलीकडे गाडीने गचके दिले आणि ती बंद पडली. जरा थांबलं की सुरू व्हायची, दोन फर्लांगांवर पुन्हा बंद. पेट्रोल येत नाही, टाकी बघा, असं मी अप्पांना तीनदा सांगितलं. ते म्हणाले, पोरीचा हात लागला, गाडी गेली. मग एका शेतकऱ्याची बैलजोडी आणून गाडी ओढत नेली. लोक दोन्ही बाजूंना उभे राहून हसत होते, आणि मी स्टेअरिंग धरून बसले होते. तू मागे अव्वाशेजारी, आईच्या पदराआड, मान खाली घालून होतास. मला वाटलं, या एकट्याला माझं वाईट वाटतंय.

मिस्त्रीने कार्बोरेटर साफ केला, गाडी पुन्हा तशीच. अप्पांनी तिला गोदामात ढकललं आणि माघात मला मांडवात. तुझे भावजी माणूस चांगला निघाला, ती गोष्ट वेगळी. पण पुण्याला जायचं ते राहिलंच, आणि नाव मात्र लागलं.

मला तुझी चादरीची सीट नको नि खिडकीही नको. बाईंना सांग, टाकी खाली उतरवा आणि उघडा. आत काय निघतं ते मला कळव. माझ्या हातांमुळे गाडी गेली की नाही, एवढं मला मरायच्या आधी कळायला हवं.

उत्तर दे, लोभाचं मागाहून बघू.

अक्का


भवानी पेठ, सोलापूर,
दि. ५ सप्टेंबर २०२५

तीर्थस्वरूप पूज्य अक्कांच्या चरणी बालक श्रीशैलचे कृतानेक शि. सा. न.

वि. वि. आपलं पत्र पोचलं. टाकी फार गंजली होती म्हणून बदलून घेतली. आत गाळ होता, विशेष काही नाही. झाल्या गोष्टी उकरून दोघांनाही त्रासच. इकडे पाऊस बरा आहे. सोबत शेंगाची चटणी पाठवत आहे, ती गोड मानून घ्यावी. आपला आशीर्वाद असावा.

आपला नम्र,
श्रीशैल


सांगोला,
दि. १० सप्टेंबर २०२५

श्रीशैल यास,

आयुष्यात पहिल्यांदा तू मला 'आपण' लिहिलंस. पूज्यही केलंस. वर चटणी. एवढी मोठी लाच कशाची, हे न कळायला मी काही तुझ्या शाळेत शिकलेली नाही.

तुझ्या त्या फौजदारी फोटोत गॅरेजची पाटी आहे आणि पाटीवर नंबर आहे. सुनेने फोन लावला. धम्मप्रियाबाईंनी सांगितलं की टाकीतून एक वस्तू निघाली, ती सरांच्या हातात दिली, आणि त्या दिवशी सर सूचना न देता तासभर खुर्चीवर बसून होते. वस्तू काय ते त्यांनी सांगितलं नाही, तुमच्या भावालाच विचारा म्हणाल्या. बाई शहाणी आहे.

तर विचारते. इतकी वर्षं तू पोरांना वर्गात उभं करून खरं बोलायला लावलंस. आता तू उभा राहा.

अक्का


भवानी पेठ, सोलापूर,
दि. १५ सप्टेंबर २०२५

ती. अक्कास सा. न.

टाकीत विभूतीची गट्टी, घट्ट वळलेली वडी, निघाली. सुपारीएवढी, रेशमी चिंधीत बांधलेली. चिंधी माझ्या पूजेच्या धोतराची आहे आणि गाठ माझी आहे.

त्या वर्षी खंडेनवमीला अप्पांनी बॉनेटवर विभूती लावली. मला वाटलं, ती वाऱ्याने उडून जाईल. दुसऱ्या दिवशी तुझी परीक्षा होती. म्हणून मठातून आणलेली गट्टी मी टाकीत सोडली, आत राहील नि तुझी राखण करील. अक्का, तू पुण्याला जावंस असं मला मनापासून वाटत होतं. त्या चिंधीचं मोकळं टोक पेट्रोल ओढणाऱ्या नळीच्या तोंडावर चिकटायचं. इंजिन बंद झालं की सुटायचं, पुन्हा सुरू केलं की पुन्हा चिकटायचं. बाईंनी मला बादलीत नळी धरून दाखवलं.

वळसंगला तू टाकी बघा म्हणालीस तेव्हाच मला कळलं होतं. अप्पांचा चेहरा बघून मी गप्प बसलो. घरी जाऊन सांगू म्हटलं, मग उद्या म्हटलं, मग तुझं लग्न ठरलं. आधी भीती होती, नंतर लाज वाटली, नंतर सवय झाली. पुढे घरात तो विनोद निघाला की मीही हसायचो, सगळ्यांत मोठ्याने.

तुझा हात चांगला होता. मी बोललो असतो तर तू पुण्याला गेली असतीस. माफ कर असं लिहायला घेतलं, पण लिहवत नाही.

श्रीशैल


सांगोला,
दि. २२ सप्टेंबर २०२५

चि. श्रीशैल यास अ. उ. आ. आशीर्वाद परत सुरू केले आहेत, हे ध्यानात घे.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा रडले. लई रडले. तुझे भावजी घाबरून पाणी घेऊन आले. मग ट्रॅक्टर काढला आणि गरज नसताना बागेला दोन चकरा मारल्या. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा मात्र हसू आलं. बारावी सायन्स झालेला माणूस पेट्रोलच्या टाकीत विभूती सोडतो, आणि पुढे त्याच माणसाच्या हाती सरकार शाळा देतं.

माफ केलं असं मीही लिहिणार नाही, कारण ते अजून झालेलं नाही. बेचाळीस वर्षांचं हसणं एका पत्राने पुसलं जात नाही. पण मी येते आहे. खंडेनवमीला पूजेला सगळे जमतील, माझ्यावर हसून झालेले सगळे, तुझी बायकोसुद्धा. नारळ फोडायच्या आधी तू त्यांच्यासमोर उभं राहायचंस, ती गट्टी हातात धरायचीस आणि काय झालं ते खणखणीत आवाजात सांगायचंस. माझे कान गेलेत, मलाही ऐकू यायला हवं. मग तेच अप्पांच्या फोटोपुढेही सांगायचं.

दसऱ्याला गाडी मी चालवणार. लायसन वीस वर्षांपासून माझ्या नावावर आहे. धम्मप्रियाबाईंना माझं निमंत्रण दे, त्या पुढे माझ्याशेजारी बसतील. तू मागे खिडकीजवळ बस, स्टेअरिंगपासून लांब, म्हणजे गाडी सुखरूप पोचेल. विभूती कपाळाला हवी तेवढी लाव. टाकीच्या झाकणाला कुलूप असेल आणि किल्ली माझ्या कमरेला.

लोभ आहे. नसता, तर एवढी चिडले असते का?

तुझी,
अक्का

ता. क. तो काळा चष्मा आठवणीने आण. सकाळी अक्कलकोटच्या वाटेवर ऊन थेट डोळ्यांवर येतं, त्या दिवशीही आलं होतं. मला लागेल.