पाणी आल्याचे ठोके

अवकाश स्थानक,
३ फेब्रुवारी

ती. दादास,
धाकट्या नमूचा सप्रेम जयभीम. आईला वंदन. वि. वि.

आठवड्याला फोन असतो, मग पत्र कशाला, असं तू विचारशील. फोनवर आपलं बोलणं खालचे डॉक्टर आणि अधिकारी ऐकत असतात, आणि आई तर त्यांनाही जेवलात का म्हणून विचारते. पत्र मात्र संगणकावरून थेट जातं, ते कुणी वाचत नाही म्हणतात. तेव्हा इथलं खरं काय ते पत्रात.

इथे आम्ही तिघं. आमच्या प्रमुख वैशालीताई, मी आणि तो लालबागचा हितेंद्र. झोपायला प्रत्येकाला एकेक कपाट आहे. त्यात पिशवीत शिरायचं आणि स्वतःला भिंतीला बांधून घ्यायचं. काळाचौकीच्या एका खोलीत पाच जणांत वाढलेल्या मुलीला आख्खं कपाट एकटीला, म्हणजे चैनच की. पण अंगावर कुणाचा पाय पडत नाही म्हणून सुरुवातीला झोपच लागेना.

हितेंद्रबद्दल काय सांगू? त्याच्या आईच्या दुकानातला मसाला त्याने दातांनी पुडी फोडून उघडला. इथे काही खाली पडत नाही, सगळं तरंगतं. तो मसाला आमच्या नाकाडोळ्यांत जाऊन आम्ही शिंकून शिंकून बेजार झालो, आणि हा म्हणतो, आता कसं घरी आल्यासारखं वाटतंय.

मी त्याला एकदा सहज सांगितलं होतं की आमच्या मजल्यावर पहाटे नळाला पाणी आलं की जो आधी उठेल तो शेजारच्या भिंतीवर ठोकतो, तीन ठोके भरभर आणि दोन सावकाश. झालं! आता रोज सकाळी माझ्या कपाटावर तेच. मी दचकून उठते आणि हंडा शोधायला लागते. त्याच्या चाळीत म्हणे कठड्यावर पळी आपटतात आणि ती पद्धत जास्त सुधारलेली आहे. यावरून मी त्याच्याशी दिवसभर बोलले नाही. तू उगाच भलते अर्थ काढू नकोस.

आईच्या गुडघ्यांना जप. इथे वजन कशालाच नाही, त्यामुळे माझी माया तुम्हीच खाली धरून ठेवा.

तुझी,
नमू

---

काळाचौकी,
१५ फेब्रुवारी

चि. नमूस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. त्यात वैशालीताई एका ओळीत उरकल्या, आईच्या वाट्याला गुडघे आले, मला नुसता जयभीम मिळाला, आणि बाकी सगळीकडे लालबागकर. भलता अर्थ मी काढला नाही. तो आपला आपणच बाहेर आला.

आईने पत्र दोनदा वाचून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, ते लोक मासे खातात का? तिच्या मते बाकीचं सगळं जमवून घेता येतं. मग मिरच्या नीट वाळल्याही नव्हत्या, तरी त्या पिशवीत कोंबून तिने मला लालबागला पिटाळलं, हितेंद्रच्या आईकडून मसाला कुटून आण म्हणून. ठरलेल्या नवऱ्या मुलाचं घर बघायला जातात तसा मी, संघर्षसारखं नाव लावणारा माणूस, ओल्या मिरच्या घेऊन गेलो.

त्याची आई, दर्शनाकाकू, फार मोकळ्या बाई. तुझा भाऊ म्हणताच त्यांनी आत बसवलं. म्हणाल्या, पूर्वी पोरगा पत्रात जेवण कसं आहे ते लिहायचा, आता नमू कशी आहे ते लिहितो. मला तर वाटलं, मुलगी पसंत.

तेवढ्यात आपल्या मजल्यावरच्या सम्यकचा फोन आला आणि मी सवयीने जयभीम म्हणून बोलायला लागलो. काकू चहात साखर ढवळत होत्या. चमचा थांबला. लगेच फिरला, पण नंतरचं बोलणं आटोपतं झालं. वाईट काही बोलल्या नाहीत. मसाला सुरेख कुटून दिला. पण निघताना पुन्हा ये म्हणाल्या नाहीत. आपल्याला हे चमचे ओळखता येतात, नमू. आईला मी सांगितलेलं नाही. तुला सांगावं की नाही, याचा फार विचार केला. लपवलं असतं तर तू उतरल्यावर मला सोडलं नसतंस.

आई म्हणते, रोज अंघोळ करत जा. तिथे ती होत नाही हे तिला तूच समजाव. माझी माया नेहमीप्रमाणे तुला छळण्यापुरती आहेच.

तुझा,
दादा

---

अवकाश स्थानक,
२ मार्च

ती. दादास,
सप्रेम जयभीम.

सांगितलंस ते बरं केलंस. आता तुला जे ऐकायचं होतं ते ऐक. हो, तो मला आवडतो. मीही त्याला आवडत असणार, पण लालबागकर तोंडाने काही बोलत नाही, नुसती भिंत ठोकतो.

त्या बाईंचा तो एकुलता एक मुलगा आहे. ज्या घरात माझ्या नावाने चमचा थांबतो, तिथे आयुष्यभर चहा प्यायला मला जमणार नाही. मी त्याला उद्यापासून ठोकू नकोस म्हणून सांगितलं. का, म्हणाला. मी म्हटलं, डोकं दुखतं. तो बिचारा माझ्यासाठी गोळी घेऊन आला.

आता सकाळी गजराने उठते. दिवसभर पंख्याची घरघर, आणि आम्ही दोघं एकमेकांशी हापिसात बोलावं तसं बोलतो. काल मुंबईवरून गेलो तेव्हा मी खिडकीशी एकटीच होते. आपली सगळी मुंबई इथून एका अंगठ्याखाली झाकली जाते. मी अंगठा लावला नाही. मला फार एकटं वाटतंय, दादा.

चिडवायचं थांबवू नकोस. सध्या तेवढीच माया पोचते.

नमू

---

अवकाश स्थानक,
३० मार्च

ती. दादास,
सप्रेम जयभीम.

आधी आईला सांग, आम्ही तिघंही धडधाकट आहोत. बातम्यांवर जाऊ नका.

परवा हितेंद्र सामानाच्या खोलीत गेला होता. बाहेरून वाळूच्या खड्याएवढं काहीतरी येऊन आदळलं आणि त्या खोलीच्या भिंतीला भोक पडलं. हवा गळायला लागली की मधलं दार आपोआप बंद होतं, तसं ते झालं आणि हितेंद्र पलीकडे राहिला. त्याच दणक्यात तिकडच्या तारा तुटल्या. त्याचा आवाज येईना, आणि आत हवा उरली आहे की नाही तेही कळेना. हवा नसताना दार उघडलं असतं तर आम्ही दोघीही गेलो असतो. खालून हुकूम आला, दाराला हात लावू नका.

मी दाराला कान लावून राहिले. आतून टकटक ऐकू येत होती. खालचे इंजिनिअर म्हणाले, उन्हा-सावलीने धातू आकसतो, त्याचा आवाज आहे, रोजच होतो. खरंच रोज होतो. पण दादा, तीन भरभर, दोन सावकाश. जरा थांबून पुन्हा तसंच. मी वैशालीताईंना ओरडून सांगितलं की धातूला आमच्या मजल्याची पद्धत कशी ठाऊक असेल, तो जिवंत आहे. मग रडत रडत त्यांना नळ, हंडे, शेजारची भिंत, सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि मला उत्तर दे म्हणाल्या. मी तसंच ठोकलं. पलीकडून लगेच उत्तर आलं. मी नुसता एक ठोका दिला, तिकडूनही एकच आला. तेव्हा खालच्यांनाही पटलं आणि आम्ही दार उघडलं.

भोक दाराशेजारीच होतं. त्यावर रबराची पट्टी दोन्ही हातांनी दाबून धरून तो टाचेने दार ठोकत होता. ओठ निळे पडले होते. बाहेर आल्यावर पहिलं काय म्हणाला असेल? म्हणाला, तू मनाई केली होतीस, माफ कर, पण दुसरं काही सुचलं नाही. मी त्याला एक चापट मारली. इथे चापट मारली की मारणाराही मागे फेकला जातो, म्हणून त्याने मला धरलं. मग सोडलं नाही. वैशालीताईंना तेवढ्यात कुठलंसं यंत्र तपासायचं आठवलं.

चमच्याचं मी त्याला सगळं सांगितलं आहे. ऐकून तो सरळ आईला पत्र लिहायला बसला. आता त्या काय म्हणतील याचा मला त्या भोकापेक्षा जास्त धाक वाटतो. जूनमध्ये उतरायचं आहे. तोवर तुमच्या सगळ्यांची माया मला पुरवून पुरवून वापरायला लागेल.

तुझी,
नमू

---

काळाचौकी,
१३ एप्रिल

चि. नमूस,
दादाचे आशीर्वाद, आणि या खेपेला थोडे जास्तच.

उद्याच्या जयंतीसाठी मी आज सकाळी शिडीवर चढून गॅलरीत निळ्या पताका बांधत होतो. बघतो तर दर्शनाकाकू हातात पिशवी घेऊन जिना चढून येतायत. मी वर होतो, त्यांना दिसलो नाही. आपलं दार नेहमीप्रमाणे सताड उघडं. उघड्या दाराला या चाळीत कुणी ठोकतं का? पण त्या थांबल्या, पदर सारखा केला आणि चौकटीवर ठोकलं. तीन भरभर, दोन सावकाश.

आतून आई ओरडली की आत्ता या वेळेला कुठलं पाणी, आणि हंडा घेऊनच बाहेर आली.

काकू वाटभर घोकत आल्या असणार. त्यांनी हात जोडून इतक्या मोठ्याने जयभीम घातला की आख्खा मजला दारात आला. आई अशी गडबडली की हंडा कडेवर घेऊन नमस्कार, नमस्कार म्हणत राहिली. दोघींनी एकमेकींचं अभिवादन उचललं आणि आपापलं विसरल्या. मग काकू तिथेच उंबऱ्यात बसून रडायला लागल्या. म्हणाल्या, माझं पोर तुमच्या भिंतीच्या ठोक्यांनी वाचलं. आईने त्यांना हाताला धरून आत घेतलं. चहा केला. चमचा आईच्या हातात होता, आणि मी शिडीवरून बघत होतो. तो एकदाही थांबला नाही.

चमच्याची गोष्ट आईला मी आता सांगितली. ती म्हणाली, जिना चढून आल्या ना, मग झालं.

पिशवीत मसाला होता. तू उतरलीस की पहिलं जेवण लालबागला, असं काकूंनी बजावलं आहे. मी पोटभर चिडवायचं ठरवून बसलो होतो, पण लिहिताना डोळ्यांत पाणी येतंय. मसाला असेल. नीट ये, दोघंही नीट या. बाकी मायेचं मी सांगायला नको.

तुझा,
दादा

ता. क. हे आईने लिहायला लावलं. तिने शेवटी काकूंना विचारलंच. मासे खातात, पण मंगळवारी नाही. आईने थोडा विचार केला आणि म्हणाली, काही हरकत नाही, मंगळवारी दोघांना इकडे पाठवत जा.