भाचीचा खेळ पाहिल्यावर

रेणापूर
मंगळवार, २९ जुलै २०२५, नागपंचमी

चि. रेणुका,

मामाचा आशीर्वाद. इकडं सगळे बरे आहोत. पाऊस बेताचा आहे, सोयाबीन गुडघ्याला लागलंय. तुझ्या मामीची कंबरदुखी थोडी उतारावर आहे. फोनवर मला एवढंच बोलता आलं असतं, म्हणून कागद घेतला.

शनिवारी सकाळी मी पूजा उरकली, इस्त्रीचा सदरा घातला आणि फवारणीचं औषध आणतो असं घरी सांगून लातूरची एसटी धरली. देवासमोरून उठलो आणि लगेच खोटं बोललो. आदल्या दिवशी व्यंकटीनं पारावर सगळ्यांसमोर मोबाईल नाचवला होता. त्यावर तुझा फोटो आणि खाली 'एकटीचा कॅबरे, दुपारी चार, लातूर'.

"रामलिंगआप्पा, भाची कॅबरे करायलीय म्हणं! बघायला तोंड झाकून जावं का उघडं?"

सगळे हसले. कॅबरे म्हणजे जुन्या सिनेमातला नाच, तेवढंच मला माहीत. खरं लिहितो, मी तुझा खेळ बघायला आलो नव्हतो. तो सुरू व्हायच्या आधी हात धरून तुला बाहेर काढायला आलो होतो. मामाचा तेवढा हक्क आहे, असं वाटभर मनाशी घोकत होतो.

दारावरची पोरगी म्हणाली, "काका, तिकीट काढा, नाहीतर बाजूला व्हा." तिकीट काढलं, तोवर आत अंधार झाला होता. मुकाट्यानं मागं बसलो.

एक खुर्ची, एक पेटीवाला आणि चमकीच्या कोटात तू. आधी कॉलेजच्या पोरींना हसवलंस. मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांची नक्कल केलीस, "चालून दाखव बाई जरा," तेव्हा मीही हसलो. मग आठवलं, तुझ्या मामीला असंच चालायला लावलं होतं, आणि मी चहा पीत बघत होतो.

नंतर तू कोट काढून खुर्चीवर टाकलास. माझी मान खाली गेली. वर बघितलं तर तू साध्या सुती कुडत्यात उभी होतीस. पेटी थांबवून एक अंगाई म्हणू लागलीस. मधेच तुझा आवाज फाटला. तू तो झाकला नाहीस. थांबलीस आणि पुन्हा तिथूनच उचललंस. भरल्या हॉलमध्ये कुणी खोकलं नाही. रेणुका, तीस वर्षं मी अभिषेकाला बसतो. पिंडीवरची धार थांबल्यावर गाभाऱ्यात जी शांतता होते, ती देवळाबाहेर मी पहिल्यांदा ऐकली. आपलं दुखणं इतक्या लोकांसमोर ठेवून माणूस इतकं मोठं दिसू शकतं, हे मला ठाऊक नव्हतं. माझे हात आपोआप जोडले गेले.

मग तू ती गोष्ट सांगितलीस. तू दोन वर्षांची असताना आई सुजलेला हात घेऊन माहेरी आली. तिसऱ्या दिवशी मामानं तिला निलंग्याला सासरी परत सोडलं. बसमध्ये तो खिडकीकडं तोंड करून रडत होता, त्याला धीर यावा म्हणून आईनं तीच अंगाई धरली. पुढं म्हणालीस, "दर पंचमीला गल्लीतल्या बायकांना माहेरी न्यायला भाऊ मुराळी होऊन येतात. माझी आई दारात बसून बघते. आमच्याकडं मुराळी कधी आला नाही."

बाळ, मी रडलो नव्हतो. रडत होती ती. मी म्हणालो, "गप बस सिंधे, लोक बघायलेत." तेव्हा तिनं तुझ्या केसांत तोंड खुपसलं आणि हुंदका दाबायला गाणं धरलं. मी खिडकीबाहेर बघत होतो, ते ओळखीचं कुणी चढतंय का म्हणून. तुला मात्र तिनं रडणारा मामा सांगितला. बावीस वर्षं तिनं मला असं सांभाळलं, आणि तिच्या त्या हाताकडं बघावं लागेल म्हणून मी एकाही पंचमीला गेलो नाही.

खेळ संपल्यावर पोरी तुझ्याभोवती जमल्या. मी न भेटता निघालो. तुला ओढून न्यायला आलेला माणूस कोणत्या तोंडानं भेटणार?

काल श्रावणातला पहिला सोमवार. अभिषेक सोडून निलंग्याला गेलो. सिंधु अंगणात भांडी घासत होती. उठली नाही.

"कोन मेलं?"

"कुनी न्हाई. मुराळी आलोय."

"आता? केस पिकल्यावर?"

"हाव."

तुझे वडील दारात आले. "न्या की. पोचवायला कवा येता?"

"मी पोचवायला येनार न्हाई, पाव्हणं. तिला वाटलं तर ती येईल."

सिंधु किती तरी वेळ हात धूत राहिली. मग आत गेली आणि पिशवी भरून बाहेर आली. कुणाकडं न बघता माझ्यापुढं चालू लागली.

मागची खोली तिला दिली आहे, किल्ली तिच्याकडंच आहे. ती मला अजून 'दादा' म्हणालेली नाही. म्हण असं मी सांगणारही नाही.

तुझ्या आईला घेऊन आलेला,
तुझा मामा
रामलिंग