बाबांची लेन्स, माझे डोळे

३ फेब्रुवारी, सोमवार

आली! अडॅप्टर रिंग आली. बोटभर जाडीची एक धातूची कडी – आणि तिच्यासाठी मी नऊ दिवस दाराकडे डोळे लावून बसले होते. एका बाजूला माझा डिजिटल कॅमेरा, दुसऱ्या बाजूला बाबांची जुनी लेन्स, मध्ये ही मध्यस्थ. सोयरीक जुळली म्हणायची.

लेन्स मागायला गेले तर बाबा उशीचा अभ्रा शिवत बसलेले. चौऱ्याहत्तराव्या वर्षी चष्म्याशिवाय सुई ओवतात. मान वर न करता हात मागे नेला – कपाटाचा तिसरा कप्पा, डावीकडून दुसरा डबा – आणि लेन्स माझ्या हातात. 'घे. काच आहे नुसती.' एके काळी हा माणूस सुट्टीच्या दिवशी कॅमेऱ्याशिवाय जिना उतरत नसे. मी कॉलेजात असताना एक दिवस सगळं बंद. का, ते आईनेही विचारून पाहिलं. शेवटपर्यंत तिला सांगितलं नाही.

अट अर्थातच घातली. 'काम झालं की जिथली तिथे.' आमच्या घराचा मंत्रच तो. चहाचा डबा जिथला तिथे, किल्ली दाराच्या उजव्या खिळ्यावर, जेवणाच्या टेबलाची खुर्ची वीतभर सरकली तरी घर डोक्यावर! आई थट्टेत म्हणायची, या घरात धुळीलाही जागा नेमून दिलीय.

४ फेब्रुवारी, मंगळवार

फोटो धुरकट. खिडकीतली कुंडी, बाबांची चप्पल, समोरच्या इमारतीचा जिना – झाडून सगळे. हात बसला नाही अजून. नाचता येईना अंगण वाकडं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

अंगण सरळ आहे. मलाच नाचता येत नाही.

एकवीस वर्षं मी कारखान्यात कपबश्यांचे फोटो काढतेय. कॅटलॉगसाठी. तिथे बटण अर्धं दाबलं की कॅमेरा आपला आपण फोकस करतो. या म्हाताऱ्या लेन्सला मोटर नाही. रिंग बोटांनी फिरवायची आणि कुठे थांबायचं ते आपल्या डोळ्यांनी ठरवायचं. म्हणजे तिकडे कॅमेरा बघतो, इकडे मी बघते. आणि मी बघितलं की फोटो धुरकट येतो! दुपारी हे डोक्यात आलं आणि तिथेच अडकून बसलं.

या लेन्सने काढलेला कपाचा एक फोटो पॅकिंगवाल्या मैत्रिणीला दाखवला. म्हणाली, 'अगं, कप हलला का?' कप कसा हलेल, बाई!

९ फेब्रुवारी, रविवार

आत्याचा फोन. हसत हसत सांगून बसले, 'आत्या, हल्ली मला फोकसच सापडत नाही.' ती म्हणाली, 'तुझ्या आजीचंही असंच सुरू झालं हो. आधी सुई ओवता येईना. डॉक्टर काचबिंदू म्हणाले. पन्नाशीला भिंत धरून चालायला लागली.' केव्हा सुरू झालं, विचारलं. 'सत्तेचाळीस असेल. घराण्यात येतं म्हणे ते.'

मला गेल्या महिन्यात सत्तेचाळीस पूर्ण झाली. आत्याला असले आकडे बरोबर पाठ असतात, एरवी फोनवर माझं नावही चुकीचं घेते.

डोळे गेले तर मी काय करणार? मला कपबश्यांशिवाय दुसरं काय येतं?

११ फेब्रुवारी, मंगळवार

कारखान्याचा जिना डोळे मिटून उतरून पाहिला. एकवीस पायऱ्या. मी बावीस मोजल्या – नसलेल्या पायरीवर पाय टाकला आणि रखवालदाराच्या अंगावर गेले. तो म्हणाला, 'मॅडम, झोप झाली नाही का?'

घरी येऊन पॅसेजमध्ये तेच केलं. घरात मात्र सोपं! खुर्ची कुठे, टेबल कुठे, सगळं ठरलेलं. बाबांच्या शिस्तीचा जन्मात पहिल्यांदा उपयोग झाला. डोळे उघडले तर बाबा समोर उभे. 'काय चाललंय?' मी म्हटलं, 'खेळ.' तर म्हणाले, 'उजवा हात पुढे ठेव. कोपरात वाकवून. नाहीतर दाराची कड कपाळाला लागते.'

ज्यात हे अक्कल शिकवणार नाहीत, असा एकही विषय नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

एका बशीच्या काठाला बारीक चीर होती. मला दिसली नाही. पॅकिंगवालीला दिसली. संपलं सगळं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

गेले एकदाची डोळ्यांच्या डॉक्टरकडे. आधी डोळ्यांचं प्रेशर मोजलं, मग एका पांढऱ्या घुमटात डोकं घालून ठिपका दिसला की बटण दाबायचं, शेवटी थेंब टाकून ताटकळत बसायचं. मी इतकी घाबरलेली की ठिपका नसतानाही दाबत होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, 'अहो, परीक्षा नाहीये ही. सावकाश.'

आणि मग – 'डोळे ठणठणीत आहेत तुमचे.'

मी परत विचारलं. त्यांनी परत सांगितलं. मी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा हसल्या. 'काचबिंदूचं काही लक्षण नाही. आजींना होता, तर वर्षातून एकदा दाखवत जा. जवळचा नंबर लागलाय थोडा. चाळिशी तुम्हाला जरा उशिराच लागली, इतकंच.' ती चीर म्हणे त्यामुळेच हुकली असेल.

बाहेर आले. थेंबांमुळे ऊन भाल्यासारखं डोळ्यांत घुसत होतं. फुटपाथवर उभी राहून घळाघळा रडले आणि कुणाला संशय आला नाही. सुटले! सुटले गं बाई!

१८ फेब्रुवारी, मंगळवार

डोळे ठणठणीत, तर फोटो धुरकट का? आज कॅमेरा तिपाईवर लावला, पडद्यावर चित्र दहापट मोठं केलं आणि रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत गोगलगाईच्या गतीने फिरवली. कुंडीची कड कुठेच स्वच्छ होत नाही. कुठेच! एक दुधाळ झाक कायम. म्हणजे खोट लेन्समध्ये आहे. आणि मी चोर सोडून संन्याशाला फाशी देत होते.

२० फेब्रुवारी, गुरुवार

बसथांब्यामागच्या घड्याळवाल्याकडे गेले. जुन्या लेन्सही उघडतो. पेटीएवढं दुकान, त्यात तो, एक दिवा आणि थांबलेली पन्नासेक घड्याळं. लेन्स उजेडाकडे धरली, कानाशी हलवली, मग उघडायला घेतली. स्क्रू काढता काढता स्वतःशीच कौतुक चाललेलं – 'ही आधी कुणीतरी उघडलीय. पण माणूस मोठा टापटिपीचा हो! एक ओरखडा नाही. स्क्रू सगळे जिथले तिथे. बुरशी अशी पुसलीय की शोधून सापडू नये.' मग थांबला. आणि हसायलाच लागला.

'फक्त ही आतली काच उलटी बसवलीय त्यांनी.'

जिथली तिथे, पण उलटी! असा माणूस माझ्या माहितीत जगात एकच आहे.

त्याने काच सुलट केली, लेन्स बंद केली. मी तिथेच त्याचा फोटो काढला. भुवईचा केस न् केस मोजून घ्या! घरी येईपर्यंत बसमध्ये एकटीच खुसुखुसु हसत होते. बाबा सापडले! आता महिनाभर तरी पिडणार मी त्यांना. शनिवारी, निवांत, चहाच्या वेळी.

२२ फेब्रुवारी, शनिवार

पिडायचं राहूनच गेलं.

चहा घेताना सांगितलं, अगदी नाट्य करून. 'सगळं जिथलं तिथे ठेवणाऱ्या एका थोर गृहस्थांनी…' बाबा हसले नाहीत. 'कोणती काच?' आतली. 'उलटी?' हो. कप खाली ठेवला तो बशीत नाही, टेबलाच्या कडेला. मी झडप घालून धरला.

मग बोलले. मध्ये मध्ये थांबत. बुरशी धरली होती म्हणून लेन्स उघडली. पांढऱ्या कापडावर काचा ओळीने मांडल्या. 'बेल वाजली. तू किल्ली विसरली होतीस. उठलो. येऊन बसवलं सगळं. त्यानंतर कॅमेऱ्यातून बघावं तर सगळं धुरकट. रोल धुऊन आणले, तेही धुरकट. मला सत्तेचाळिसावं लागलं होतं.'

मी म्हटलं, 'डॉक्टरकडे जायचं ना, बाबा!'

'माझ्या आईला त्यांनी तपासून काय केलं? दिसायचं कधी थांबेल ती तारीख सांगितली फक्त. म्हटलं, डोळे आहेत तोवर तयारी करून ठेवू.'

तयारी. चहाचा डबा. खुर्ची. उजवा खिळा. सत्तावीस वर्षं आम्ही ज्याला शिस्त म्हणत होतो, तिला हा माणूस तयारी म्हणत होता. आम्ही चिडायचो, आई टोमणे मारायची, आणि हे रोज थोडे थोडे आंधळे व्हायला शिकत होते. एकटे!

'पण दिसत होतं ना तुम्हाला! सुई ओवता तुम्ही!'

'ओवून बघायचो रोज. आज ओवली, उद्याचं उद्या. पहिली काही वर्षं वाट बघत होतो. नंतर वाट बघायची सवयच झाली.'

मग उठले, डोळे मिटले आणि मला चहा करून दाखवला. शेगडी, पातेलं, डबा, दोन चमचे साखर. एक थेंब सांडला नाही. मी ओट्याला टेकून हुंदके देत होते. तर डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाले, 'रडू नकोस, गाळणं दे. ते मात्र तू कधीच जागेवर ठेवत नाहीस.'

२५ फेब्रुवारी, मंगळवार

बाबांना डॉक्टरकडे नेलं. तयार झाले, तेही सकाळी सातपासून बूट घालून. एका डोळ्यात किंचित मोतीबिंदू, बाकी काही नाही. 'या वयात एवढंच? मग तुम्ही नशीबवान,' डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बाबा म्हणाले, 'हे मला सत्तावीस वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर!' त्या म्हणाल्या, 'विचारलं असतं तर सांगितलं असतं.'

येताना बसमधून दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत होते. एकूण एक. दवाखाना, चाव्या करून मिळतील, शिवणवर्ग, गाडी लावू नये. लोक बघायला लागले. मी नाही गप्प बसवलं.

२ मार्च, रविवार

सकाळी पॅसेजमधून येताना पायाचा अंगठा खुर्चीवर आपटला. ब्रह्मांड आठवलं! जेवणाच्या टेबलाची खुर्ची – खिडकीपाशी! 'इथे कुणी ठेवली ही?' ओरडले.

'मी,' बाबा म्हणाले. गळ्यात माझा कॅमेरा, कॅमेऱ्यावर त्यांची लेन्स. 'उजेड इथे चांगला येतो. बस.'