हात थरथरण्याआधी

चिमे,

रात्रपाळीहून येऊन गाढ झोपलीस, म्हणून उठवलं नाही. जेवण झाकून ठेवलंय.

मेंदूच्या त्या तपासणीचा निकाल काल आला, पण तुला सांगायला जीभ रेटेना. डॉक्टर म्हणाले, "आज तुम्ही ठणठणीत आहात, पण पुढच्या काही वर्षांत स्मरणशक्ती ढासळत जाण्याची, हात थरथरू लागण्याची दाट शक्यता आहे."

मी प्रसूतिगृहात चाललेय. माझ्याकडची बाळंतपणं यापुढे दुसऱ्या नर्सकडे द्या, असं स्वतःच सांगणार आहे. हात अजून थरथरत नाही, पण एखाद्या पोरीच्या जिवावर बेतल्यावर शहाणपण येऊन काय उपयोग?

रडत बसू नकोस. तुझ्या बाबांना मात्र संध्याकाळी आपण दोघी मिळून सांगू. ते मला एकटीला जमणार नाही.

आई