भोरी म्हशीचं दुसरं कार्ड

पिंगळी, ता. ४ ऑगस्ट २०२४

चि. सृष्टीस धुरपता आत्याचा अ. आ.

न्हाई, चष्मा लावूनच वाचलं मी. समदे कागद वाचले. चौथी शिकलेल्या बाईला एवढं येतं. अन् कुणी इचारलं न्हाई तरी सांगून ठेवते, मला भ्या बी वाटलं न्हाई अन् राग बी आला न्हाई.

राग तुझ्या बापाला आलाय. तुझ्या होस्टेलच्या रेक्टरबाईनं त्याला कामावरून लातूरला बोलावलं, तू लिवलेले कागद हातात दिले, अन् पुन्हा असं सापडलं तर पोरीला घरी न्या म्हणाली. परमेश्वर तसाच एस्टीनं माझ्याकडं आला, कागद बाजेवर टाकले अन् मलाच इचारायला लागला, अक्का, पोरीला आपण काय कमी केलं. म्हणे गोंदू रेडकाचं कार्टून हाय, सगळ्या घरानं मिळून बघायचं, अन् हिनं त्या रेडकाची माय मारून टाकली. एकदा न्हाई, दर कागदावर. मी म्हणलं, आधी हातपाय धू, भाकर खा.

आता माझं ऐक. गोंदू रोज हरवतो, दिवेलागणीला घरी येतो, भोरी म्हैस त्याला चाटती, गाणं लागतं, खलास. त्यात काय राम न्हाई हे मलाबी ठाऊक हाय. पण तुझं तर निव्वळ खोटं. भोरी दावणीला मरून पडली अन् गावाला पत्ताच न्हाई? दूध आलं न्हाई की डेअरीवाला दारात येऊन उभा राहतो. दुसऱ्या कागदावर तिला नदीत बुडवलीस. म्हशीला पोहता येतं. साप चावला तिथं तोंडाला फेस आणलास, तेवढं बरोबर हाय. मारायचंच तर नीट मार, न्हाईतर सोडून दे.

जेवत जा. माया हाय तेवढी हाय, पत्रातून वाढवून सांगायची मला सवय न्हाई.

तुझी आत्या
धुरपता


लातूर, ता. ११ ऑगस्ट २०२४

ति. आत्यास सृष्टीचा शि. सा. न. वि. वि.

म्हशीला पोहता येतं हे मी विसरलेच. लातूरला येऊन माझं एवढं तरी शहाणपण गेलं. पप्पांना सांग, मला कुणी काही कमी केलं नाही. आई गेल्यावर तू मला एकटीनं वाढवलंस, हे मी कुणालाही सांगते.

रविवारच्या फोनवर मागं पोरींची रांग असते आणि समोर रेक्टरबाई, म्हणून तिथं बोलता येत नाही. इथं संध्याकाळी सातला अभ्यासिकेत बसवतात. सगळ्यांच्या माना खाली. नेमकं तेव्हाच माझ्या कानात गोंदूचं गाणं लागतं. आपण बाजेवर बसून बघायचो, तू मेथी निवडत गोंदूला शिव्या द्यायचीस, बिनडोक हाय म्हणायचीस, आणि तो घरी आला की तूच पदर डोळ्याला लावायचीस. मग धूर गेला म्हणायचीस. गॅसच्या शेगडीचा कुठला गं धूर?

पहिला कागद मी सराव परीक्षेच्या पेपरामागं लिहिला. शेजारच्या प्रियांकानं वाचला, रडली, आणि पुढं दिला. मग पोरी रोज मागायला लागल्या. रडायला त्यांना काहीतरी पाहिजेच होतं.

खरं कारण वेगळं आहे. शेजारच्या पंचफुलाकाकूंची रेणुका इथं येऊन गेली. तिनं सांगितलं, तू न्हाणीत पडलीस आणि संध्याकाळपर्यंत तिथंच होतीस. मला तर तू सांगितलंस, सर्दीनं आवाज बसलाय. आत्या, तो आवाज हाका मारून बसला होता ना?

त्याच दिवशी मी भोरीला मारलं. लिहिलं आणि झोप लागली. परत दुसऱ्या रीतीनं मारलं, परत झोप लागली. आता लिहिणार नाही असं रेक्टरबाईंना कबूल केलंय, तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. मला घरी यायचंय. डॉक्टर नाही झाले तरी चालेल. पप्पांना तूच सांग, ते तुझंच ऐकतात.

लोभ आहेच, तो असाच असावा, आणि तूही असावीस.

तुझी
सृष्टी


पिंगळी, ता. १९ ऑगस्ट २०२४

चि. सृष्टीस अ. आ.

रेणुकाचं तोंड म्हणजे फुटका रांजण. पडले हे खरं. कंबर ठेचली, बाकी काय न्हाई. हाका मारल्या हे बी खरं, पण गल्ली दिवसभर शेतात असती, त्यात कुणाचा गुन्हा न्हाई. घरी यायचं न्हाई. आलीस तर मुद्दाम पुन्हा पडेन.

बंदोबस्त केलाय. साताला मी टीव्ही लावते, आवाज पार वर. गोंदूचं गाणं पंचफुलाच्या चुलीपर्यंत जातं. गाणं आलं न्हाई की तिनं उठून यायचं, असं ठरलंय. गल्लीतली लेकरं हसतेत, म्हातारी कार्टून बघायलीय. हसू दे.

आता एक सांगते, अन् एकदाच. लगीन होऊन मी राणीसावरगावला नवी नवी होते. विहिरीवर कावळ्याची जोडी लागलेली बघितली. असं बघितलं की बघणाऱ्याला मरण येतं म्हणायचे. त्याला उतारा एकच. माझ्या सासूनं, नर्मदाबाईनं, पोखर्णीला माझ्या मायकडं कार्ड टाकलं, धुरपता वारली. मायनं अख्खी गल्ली गोळा करून ऊर बडवला. मग दुसरं कार्ड गेलं, पोरगी खुशाल हाय, कावळ्यासाठी केलं. खऱ्या मरणाच्या वाटचं रडून झालं की खरं मरण मागं फिरतं, अशी रीत.

मला पटत न्हाई. कावळ्याला त्याचं काम, मला माझं. पण दुसरं कार्ड मिळालं अन् माय पहिल्या गाडीनं आली. लगीन झाल्यापासून एकदा आली नव्हती. आधी पाठीत दोन धपाटे घातले, मग धपाटे खायला दिले, दह्यासंगं.

तू तेच करायलीस. भोरी म्हणजे मी, हे कळायला शाळा लागत न्हाई. पण रीत सोडून करायलीस. पहिलंच कार्ड टाकत बसलीस, दुसरं टाकायचं नाव न्हाई. अन् टाकतीस कुणाला, तर त्या पोरींना. भोरीसाठी त्या रडून काय उपेग? ज्याचं त्यानं रडावं लागतं. मला पाठव.

परमेश्वराच्या फोनवरून रेक्टरबाईशी बोलले. पोरींत वाटणार न्हाई ही माझी जबान, पण आत्याच्या पत्राला हात लावायचा न्हाई, हे बी सांगितलं. बाई शिकलेली हाय. लगेच हो म्हणाली.

आता लिव अन् झोप. लोभ ठेव, फिकीर ठेवू नको.

धुरपता


लातूर, ता. २६ ऑगस्ट २०२४

ति. आत्यास शि. सा. न. वि. वि.

इथंच थांबते, अभ्यास करते. रीतीप्रमाणं पहिलं कार्ड खाली लिहिलंय, नीट मारलंय का बघ.

गोंदू लांबच्या गावाला शिकायला गेला. भोरी घरी एकटी. रोज सातला तिच्या गोठ्यातून गाणं यायचं, आणि शेजारची शेळी निवांत रवंथ करायची, भोरी बरी आहे. त्याही दिवशी सातला गाणं लागलं. शेळी निवांत झाली. गाणं संपलं, बातम्या लागल्या, जाहिराती लागल्या. भोरी टीव्हीकडं तोंड करून बसली होती, ती उठलीच नाही. सकाळी शेळीनं ऐकलं, टीव्ही चालूच. म्हणाली, आज भोरी लवकर उठली. त्याच दिवशी गोंदू दिवेलागणीला घरी आला. आईनं मान वळवली नाही. त्याला वाटलं, उशीर केला म्हणून रुसली. म्हणून तो दारातच बसून राहिला.

संपलं. दुसरं कार्ड आत्ता टाकत नाही. तू आधी रडलीस का ते कळव. न रडता दुसरं कार्ड आलं तर रीत मोडेल, हे तुझंच म्हणणं. काल झोप लागली.

लोभ आहे, आणि उत्तराची घाईसुद्धा.

तुझी
सृष्टी


पिंगळी, ता. १ सप्टेंबर २०२४

चि. सृष्टीस अ. आ.

सिद्धोधन पोस्टमननं पत्र दारात दिलं. उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं.

भोक बरोबर हुडकलंस. गाणं लागलं म्हणजे माणूस जितं हाय असं न्हाई. हे ना माझ्या ध्यानात आलं, ना पंचफुलाच्या. तिला वाचून दाखवलं. शेळी म्हणल्यावर आधी तोंड वाकडं केलं, मग ऐकता ऐकता तव्यावरची भाकर करपली तिची. आता रीत बदलली. साताला लावायचा अन् गोंदू घरी आला की मी बंद करायचा. बंद झाला न्हाई तर तिनं यायचं. आतून कडी लावायची न्हाई, हे बी ठरलं.

याआधी टीव्ही मी बंद करतच नव्हते, डोळा लागेपर्यंत काय ना काय बोलत राहायचा. काल पहिल्यांदा लवकर बंद केला. घर लय मोठं वाटलं. होईल सवय.

गोंदू दारात बसून राहिला, ते लय वंगाळ लिवलंस. खोडू नको.

दुसरं कार्ड टाक. सिद्धोधनला रोज इचारायला मला बरं दिसत न्हाई. मी रडले का न्हाई, ते तू इचारलंस. ते मी सांगणार न्हाई.

धुरपता